कोरडं मशीन, ओलं मशीन

नारळ फोडायला साहेब साडेदहाला येणार होते आणि बापूसाहेबांनी दहालाच ओल्या मशीनमध्ये काँक्रीट भरायला लावलं. "नारळ फुटला की त्याच क्षणाला माल भिंतीवर गेला पाहिजे," त्यांनी बजावलं. "साहेबांना ताटकळत ठेवायचं नाही."

साहेबांनी आम्हाला किती ताटकळत ठेवलं ते पुढे येईलच.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायला डोंगरातून बोगदा चालला होता. कंत्राटदार बापूसाहेब मगदूम. मी त्यांच्याकडे माल तपासणारी इंजिनियर होते, वय अठ्ठावीस, साइटवरची एकुलती एक बाई. वाळू, सिमेंट, खडी माझ्या सहीशिवाय आत जात नसे आणि माझी सही सहजासहजी होत नसे. माझ्या माघारी लोक मला 'चाळणी' म्हणतात हे मला माहीत होतं. मला ते नाव आवडायचं, पण तसं दाखवून चालत नाही.

बोगद्यात मध्येच कुजका खडक लागला. असा खडक फोडला की त्याच्यावर लगेच काँक्रीट फवारावं लागतं, नाहीतर तो आपल्या डोक्यावर यायला वेळ लावत नाही. फवारण्याच्या तऱ्हा दोन. कोरड्या मशीनमध्ये सिमेंट आणि वाळू कोरडीच हवेच्या दाबाने पाइपातून जाते आणि पाणी मिळतं ते अगदी शेवटी, नोझलच्या तोंडाशी. किती पाणी द्यायचं ते नोझल धरणारा माणूस कॉक फिरवून ठरवतो. ओल्या मशीनमध्ये तयार काँक्रीटच पाइपातून येतं आणि हवा फक्त ते भिंतीवर फेकते. म्हणजे एकात पाणी शेवटी, दुसऱ्यात आधी. फरक एवढाच, पण त्यासाठी मी चौदा पानांचा अहवाल लिहिला होता.

आमच्याकडे होतं ते कोरडं मशीन, आणि त्याच्या नोझलवर होते धोंडीराम खोत. सगळे त्यांना धोंडीमामा म्हणत. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही धरलं नव्हतं. पाणी कमी पडलं की धूळ उडते, जास्त झालं की माल भिंतीवरून ओघळतो, आणि मामांचा कॉक या दोन्हींच्या मधली बारीक जागा बरोबर पकडायचा. त्यांच्या हाताबद्दल कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. एकदा भिंतीवरून उसळून खाली किती माल पडतो ते बघायला मी ताडपत्री अंथरून त्याचं वजन केलं, तर मामा चार दिवस माझ्यासमोर तिसऱ्याच माणसाशी बोलत होते. "चाळणीबाईला सांगा, पडल्याला माल मोजत्यात. चिकाटल्याला कोन मोजनार?"

मास्क ते लावायचे नाहीत. मी तीन आणून दिले. एकातून त्यांनी चहा गाळला, एकात चुन्याची डबी ठेवली, तिसरा कुठे गेला ते मी विचारलं नाही. कारण मात्र त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं.

"पानी हाताला कळत न्हाई, ताई. ओठाला कळतंय. तोंडावर जी वाफ येती ती ओठाला कोरडी लागली की कॉक फिरवायचा. तोंड झाकलं तर मी आंधळा."

म्हणजे बावीस वर्षं मामा धुळीत तोंड उघडं ठेवून उभे होते.

त्या वर्षी सगळ्यांचे छातीचे एक्स-रे काढायचं फर्मान निघालं. मी चाळीस माणसं साइटच्या ट्रकमधून दोन खेपांत गडहिंग्लजला नेली. डॉक्टरांनी मामांची फिल्म खिडकीशी धरली, मला जवळ बोलावलं आणि दोन्ही बाजूंना धुळीचे डाग दाखवले. म्हणाले, यांना धुळीतून काढलंत तर आहे तिथे थांबेल. नाही काढलंत तर दोन वर्षं, फार तर तीन.

परत येताना जीपमध्ये मामांनी माझ्याकडून शब्द घेतला की हे बापूसाहेबांना सांगायचं नाही. बापूसाहेब माणूस वाईट नव्हते, त्यांनी त्याच दिवशी मामांना पगार हातात ठेवून घरी धाडलं असतं. "आनि घरी जाऊन मी करू काय?" मामा म्हणाले. "म्हशीवर फवारू?" मी खूप वाद घातला, शेवटी खुळ्यासारखी शब्द देऊन बसले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि जीपमध्ये रडायचं नव्हतं.

ओल्या मशीनला धूळ जवळजवळ नसते, म्हणून तो चौदा पानांचा अहवाल. त्यात माल किती वाया जातो, काम किती झपाट्याने होतं, सगळं होतं आणि सगळं खरं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं नव्हतं. बापूसाहेबांनी तो हातात तोलून बघितला, चांगला वजनदार आहे म्हणाले, आणि न वाचता टेबलावर ठेवला. मगदूम घराण्यात बैलसुद्धा चालवून बघितल्याशिवाय घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दोन्ही मशीनं शेजारीशेजारी चालवायची, कार्यकारी अभियंता साहेबांना बोलवायचं आणि साहेबांच्या मनाला येईल ते घ्यायचं, असं ठरलं.

ओलं मशीन घेऊन पुण्याहून दांडेकर आले. टाय लावून आले. सोबत त्यांचा चालवणारा माणूसही होता, आणि दांडेकरांनी चहा पिता पिताच सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आमच्या मशीनवर आमचाच माणूस असतो, जुन्या लोकांना पाण्याशी खेळायची सवय असते, ती या मशीनला चालत नाही. मामा तिथेच होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेले.

ओलं आलं तर मामांचं नोझल जाणार. कोरडं राहिलं तर मामा जाणार. माझा अहवाल यातून कुठलीच वाट काढत नव्हता. मी मनाशी ठरवलं होतं, आधी ओलं मशीन येऊ दे, मग दांडेकरांशी भांडू. भांडण मला बऱ्यापैकी जमतं.

तर त्या दिवशी सकाळी बोगद्याच्या तोंडाशी मांडव घातला होता. आत यायला साहेब तयार नसतात, म्हणून बाहेरच्याच कापलेल्या खडकावर फवारून दाखवायचं होतं. दोन्ही मशीनांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ओल्याच्या नोझलला लाल रिबन गुंडाळून तिचं मोठं फूल केलं होतं. शेजारी तबकात हळदकुंकू, नारळ आणि कोरी कात्री. ओलं मशीन पोटात आणि पाइपात काँक्रीट भरून तयार. कोरड्याजवळ मामांनी वाळू एका बाजूला आणि सिमेंटच्या गोण्या न फोडता दुसऱ्या बाजूला ठेवल्या होत्या, आणि ते स्वतः गोण्यांवर बसून तंबाखू मळत होते.

अकरा वाजले, साहेब नाहीत. सव्वाअकराला दांडेकर माझ्याकडे आले.

"मॅडम, हे काँक्रीट आहे, बासुंदी नाही. फार वेळ ठेवता येत नाही. एकतर फवारू द्या, नाहीतर पाइप धुऊन घेऊ द्या."

मी बापूसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, साहेबांच्या आधी मशीन चालवायचं म्हणजे साहेबांचा अपमान. मी म्हटलं, मग निदान धुऊन घेऊ. त्यावर ते म्हणाले, रिबन बांधली आहे, माळ घातली आहे, पूजा मांडली आहे, आता धुवायचं म्हणजे मांडलेली पूजा मोडायची. भटजींनी मान डोलावली. भटजींना काँक्रीटमधलं काही कळत नव्हतं, पण पूजा मोडायच्या ते विरुद्ध होते.

तेवढ्यात मामा उठून आले. मला वाटलं, गंमत बघायला आले असतील. पण ते सरळ बापूसाहेबांना म्हणाले, "बापूसाहेब, नळी मोकळी करून घ्या. माल बसंल."

"धोंडीराम, तुझं कोरडं आहे ना? मग तू गप बस."

मामा परत गोण्यांवर जाऊन बसले. मी तबकातली कात्री उचलली. रिबन कापायची आणि पुढचं पुढे बघू, असं डोक्यात होतं.

"पोतदारबाई," बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "ती कात्री साहेबांची आहे."

आणि मी ती खाली ठेवली. चाळणी म्हणून मिरवणारी मी, एका कात्रीला घाबरले. त्याचा राग मला आजही येतो.

बारा वाजता एक मोटारसायकलवाला निरोप घेऊन आला. उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती, ऊस उचलायचं काम चालू होतं आणि साहेबांची जीप मागे अडकली होती. साहेब कसे आहेत, असं बापूसाहेबांनी काळजीने विचारलं. तो म्हणाला, मजेत आहेत, ऊस खात बसलेत.

दांडेकरांनी टाय सैल केला. मग टाय काढला. मशीनच्या पोटात पाणी ओतून त्यांचा माणूस फावड्याने ढवळत होता, पण पाइपातल्या मालाला ढवळणार कोण? साडेबाराला मामा हातोडी घेऊन आले आणि पाइप एका टोकापासून ठोकत निघाले. आधी मऊ आवाज आला, मग दगडाचा. दगडाचा आवाज नोझलपर्यंत तसाच चालू राहिला. मामांनी खडूने खूण केली. "हितनं फुडं गेली," ते म्हणाले.

बाकीचे लोक तोंडाला हात लावून हसत होते, मामा हसले नाहीत. त्यांनी मळलेली तंबाखू दांडेकरांपुढे धरली. दांडेकरांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती, पण त्या घडीला त्यांना कुणी काहीही दिलं असतं तरी त्यांनी घेतलं असतं. नंतर दोन तास ते उचक्या देत होते.

मला मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं. साहेब येणार, ओल्या मशीनचं हसं होणार, कोरडं झकास चालणार, टाळ्या वाजणार, आणि टाळ्यांच्या गजरात मामा परत आत धुळीत जाणार. दोन वर्षं, फार तर तीन.

त्या जागेचा वारा मला पाठ होता. आठ महिने मी तिथे सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्र्या बांधून घेत होते. दुपारी एकच्या सुमाराला वारा फिरतो आणि दरीतून वर यायला लागतो. पाहुण्यांच्या अकरा खुर्च्या मांडवात दरीच्या बाजूला होत्या, म्हणजे धुळीपासून अगदी सुरक्षित. मी बापूसाहेबांना म्हटलं की मांडवाला एकच कापड आहे, साहेबांना ऊन लागेल, खुर्च्या त्या जांभळाखाली घेऊया का? जांभूळ खडकाच्या वरच्या अंगाला होतं.

"बघा," बापूसाहेब भटजींना म्हणाले, "बाईमाणूस असलं की असं बारीक लक्ष असतं."

खुर्च्या हलल्या. पेढ्यांचं टेबल हललं. मामांनी आधी खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईने गोण्या मोजायला लागले, ज्या सकाळीच मोजून झाल्या होत्या.

सव्वाला साहेब आले. पांढरी सफारी, हातात उसाचं कांडं. नारळ फुटला, रिबन कापली गेली. मेलेल्या मशीनचं नोझल हातात धरून साहेबांनी फोटो काढून घेतला. आणि नोझलमधून काहीच येईना, तेव्हा बापूसाहेबांनी जाहीर केलं की हे मशीन फक्त पूजेचं होतं, प्रत्यक्ष काम आपला धोंडीराम दाखवणार आहे.

मामांच्या माणसांनी गोण्या फोडल्या, वाळूत सिमेंट कालवलं. कॉम्प्रेसर गरजला. मामा पाय रोवून उभे राहिले, नोझल काखेत, डावा हात कॉकवर. पहिलं एक मिनिट असं फवारलं की खडकावर ओली, चकचकीत, एकसारखी साय धरली. साहेब पुढे वाकून बघायला लागले. माझी आशा मावळली. वारा होता, खुर्च्या बरोबर जागी होत्या, पण मामांचा हात असताना धूळ कुठून येणार?

आणि मग धूळ आली. आधी थोडी, मग भसाभस. मामांच्या नोझलमधून एवढी धूळ मी कधी बघितली नव्हती, आणि वारा ती सगळी उचलून जांभळाखाली नेत होता. बापूसाहेबांचं धोतर, भटजींचं उपरणं, साहेबांची सफारी, सगळं एका रंगाचं झालं. पेढ्यांवर सिमेंट बसलं. अकरा माणसं एका वेळी खोकत होती, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात "बंद करा, बंद करा" हे मामांना ऐकू यायला बराच वेळ लागला.

साहेबांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल होते. त्यांनी बापूसाहेबांना विचारलं, "आत रोज असंच असतं?"

दोनशे फुटांच्या पलीकडे आत कधी न गेलेल्या बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"आत असं नसतं साहेब," मी म्हणाले. "इथे वारा आहे, धूळ निघून तरी जाते. आतली आतच राहते."

साहेबांना पुन्हा खोकला आला. तो थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "ओलं घ्या." बापूसाहेबांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मान हलवली.

मी तिथल्या तिथे सांगितलं की ओलं मशीन यायचं तर नोझलवर धोंडीमामाच राहतील, नाहीतर माल तपासून माझी सही मिळणार नाही. दांडेकरांशी भांडायच्या तयारीने मी वळले, तर ते उचकी देत म्हणाले, "मला तोच माणूस पाहिजे मॅडम. नळी मोकळी करा, असं या सबंध माळावर आपणहून तो एकटा म्हणाला."

महिन्याभरात नवं मशीन आलं. त्याला पाण्याचा कॉक नव्हता, याचा मामांना पहिले आठ दिवस अपमान वाटत होता. डावा हात हवेतच काहीतरी फिरवत राहायचा. पण भिंत सारखी करायला हात लागतोच, आणि तो त्यांच्याकडे होता. बोगदा पुरा झाला, त्याच्यानंतर दुसरा झाला. मामांचे एक्स-रे मी दर वर्षी काढून घेतले. डाग होते तेवढेच राहिले.

एक गोष्ट मात्र मला खात राहिली. त्या दिवसापासून मामांच्या हाताचं नाव गेलं. साहेबाला पिठात घोळलं म्हणून लोक त्यांना चिडवत. पार दुसऱ्या साइटींवरचे नोझलवालेही म्हणायचे, धोंडीमामा ऐन वेळेला घाबरला, कॉक विसरला. वजन केलेल्या मालावरून चार दिवस रुसणारा माणूस हे सगळं गुमान ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, खुर्च्या मी हलवल्या, वाऱ्याला वाट मी करून दिली आणि पाणी उतरलं मामांचं. कबूल करायचं धाडस मला अकरा वर्षं झालं नाही.

मामा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या गावी गेले. शाल झाली, चहा झाला, मंडळी पांगली. अंगणात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, "मामा, त्या दिवशी खुर्च्या मी मुद्दाम हलवल्या होत्या. वारा फिरणार हे मला माहीत होतं. तुमच्या हाताची काही चूक नव्हती."

मामा हसले. हसता हसता खोकले, ते पूर्वीचंच होतं.

"खुर्च्या मी बघितल्या हुत्या की. पर नुसत्या खुर्च्या हलवून काय हुतंय, ताई? उघड्यावर मी पानी धरलं असतं तर एक कन बी तिकडं गेला नसता."

मी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही—"

"कॉक मी आवळला."

"पण ओलं मशीन आलं की नोझल जाणार, हे तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्यासाठी भांडणार आहे हे तर तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं."

"ठाव हुतं की. एक मिनिट झ्याक फवारला तो त्येच्यासाठीच. म्हटलं, जाताना हात दावून जावं." मामांनी कपातला उरलेला चहा हलवला आणि पिऊन टाकला. "मग तुमी मांडल्याल्या खुर्च्या बघितल्या. सगळी कशी रांगंनं बसली हुती. बावीस वर्सं मी एकटाच खात हुतो, ताई. म्हटलं, आज पंगत बसू दे."